गुळाचा रविवार, कारल्याचा रविवार

आधी चहा संपवा, मग सांगतो. मागे हाच किस्सा सांगताना एका पाहुण्याच्या नाकात चहा गेला आणि त्याचं खापर माझ्या माथी फुटलं. संपला? मग ऐका. पाळकाने स्वतःची फजिती चारचौघांत सांगू नये म्हणतात, मंडळीत मान राहत नाही. माझ्या बाबतीत ती अडचणच नाही. माझी फजिती अख्ख्या मंडळीने काठावर उभं राहून, मान उंच करकरून पाहिलेली आहे. आता लपवणार काय आणि कोणापासून?

तर मी मूळचा नगरकडचा. आमच्याकडे पाणी म्हणजे एकतर आभाळातून येतं, नाहीतर पाटाचं आवर्तन सुटलं की पाटातून. आलं की लोक आनंदाने बघायला जातात. आणि एकदा गेलं की गेलं, ते परत येत नाही. हे लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

अशा माणसाला नेमणूक मिळाली ती मुरुडच्या अलीकडे, खाडीकाठच्या एका लहानशा गावात. चर्च कौलारू, चढावर, नारळी-सुपारीच्या वाडीच्या वरच्या अंगाला. चर्चला भिंत लावून पाळकाचं घर. मंडळी अर्धी अलीकडची, म्हणजे गावातली, आणि अर्धी पलीकडची, म्हणजे खाडीच्या त्या काठावरची. पलीकडचे लोक मासे मारणारे, कालवं-शिवल्या गोळा करणारे. रविवारी सकाळी हसनचाचांच्या होडीत बसून उपासनेला यायचे. मी त्यांच्या घरी भेटीला जायचो तो मोटारसायकलने, पुलावरून लांबचा वळसा घालून. होडीत बसायची मला भीती वाटते. ती पाळकाने उघड सांगायची नसते म्हणून मी म्हणायचो, मोटारसायकल पडून राहिली तर बॅटरी उतरते.

नेमणूक एका वर्षाची होती. वर्ष भरलं की मंडळी बसणार आणि ठरवणार, हा पास्टर ठेवायचा की दुसरा मागायचा. माझ्या आधीचे पास्टर वर्षभरातच गेले होते. शालिनीला, म्हणजे माझ्या बायकोला, हे गाव पहिल्या आठवड्यातच मानवलं. तिने परसात अळू लावलं, तोंडलीचा वेल मांडवावर चढवला. मुलीला शाळेत मैत्रिणी मिळाल्या. मलाही खरं सांगायचं तर इथून हलायचं नव्हतं. इतकी वर्षं बिऱ्हाड पाठीवर घेऊन फिरलो, आता कुठेतरी लावलेल्या वेलाची तोंडली आपणच खावीत असं वाटत होतं. तेव्हा आमच्या घरात त्या वर्षी एकच प्रार्थना: मंडळीला आम्ही आवडू दे.

आता माझा स्वभाव सांगतो. चौकस. लहानपणी भिंतीवरचं घड्याळ आत कसं चालतं ते बघायला मी उघडलं होतं. आत कसं चालतं ते कळलं, पण ते पुन्हा चाललं नाही. हा स्वभाव पाळकाला फार वाईट. मंडळीत कोण कोणाशेजारी बसलं नाही, कोणाचा आवाज गीतात लागला नाही, कोण आशीर्वादाआधी चपला शोधायला लागलं, सगळं मला दिसतं, आणि दिसलं की त्याचं कारण काढल्याशिवाय जेवण जात नाही.

आणि उपासनेत मी बायबलवर बोलतो, त्या संदेशाची माझी एक पद्धत आहे. एका रविवारी दिलासा, एका रविवारी कानउघाडणी. दिलाशाच्या रविवारी क्षमा, दया, देवाची माया. कानउघाडणीच्या रविवारी चहाड्या, आळस, भावाभावांतला अबोला. सतत गोड दिलं तर मंडळीला साखरेचा आजार होतो, सतत कडू दिलं तर मंडळीच उरत नाही, असं माझे गुरू सांगायचे. शालिनीने याला नावं ठेवली होती, गुळाचा रविवार आणि कारल्याचा रविवार. सकाळी झगा इस्त्री करतानाच विचारायची, आज काय, गूळ की कारलं?

पहिल्या गुळाच्या रविवारी सगळं छान झालं. दुसरा रविवार कारल्याचा. विषय, चहाड्या. मी रंगात आलो होतो. एवढ्यात पलीकडच्यांच्या बाकावरून रूथमावशी उठल्या.

रूथमावशी म्हणजे पलीकडच्या काठाची आई समजा. म्हातारी, पण पाठ ताठ, डोक्यावरचा पदर कधी ढळलेला नाही. त्यांचा शब्द पलीकडे कोणी मोडत नाही. त्यांनी आधी खिडकीबाहेर बघितलं, मग माझ्याकडे बघितलं, हात जोडले आणि निघाल्या. त्यांच्या मागे पलीकडचा एकेक बाक उठला. चपला हातात घेऊन, पाय न वाजवता. काही क्षणांत अर्धं चर्च रिकामं. मला वाटलं पलीकडे कोणी दगावलं.

पुढच्या रविवारी गूळ. सगळे आशीर्वादापर्यंत बसले. वर आवारात चहा घेत रेंगाळले. मावशींनी माझ्या मुलीच्या वेण्या पुन्हा घालून दिल्या. त्याच्या पुढच्या रविवारी कारलं, विषय आळस. मावशींनी खिडकीबाहेर बघितलं आणि उठल्या. त्याच्या पुढे गूळ, बसल्या. पुढे कारलं, उठल्या. आता तुम्हीच सांगा, माणसाने काय समजायचं?

तुमच्या चेहऱ्यावर प्रश्न दिसतोय, की बाबा, विचारलं का नाहीस? त्याला इतिहास आहे. माझ्या पहिल्या नेमणुकीच्या गावी एक गृहस्थ उपासनेला यायचे बंद झाले होते. मी घरी जाऊन विचारलं, का येत नाही? त्यांनी सांगितलं. तपशीलवार सांगितलं, उदाहरणांसह सांगितलं, शेवटी माझ्या आवाजाची नक्कलही करून दाखवली. तेव्हापासून असे प्रश्न मी सरळ विचारत नाही. आडून विचारतो.

म्हणून एकदा मी भलतंच केलं. कारल्याच्या रविवारी मावशी उठल्या तसं मंडळीला एक गीत सुरू करायला सांगितलं आणि दारापर्यंत जाऊन हळूच म्हणालो, "मावशी, आज लवकर?"

"व्हय पास्टर," मावशी शांतपणे म्हणाल्या. "जायाला पायजे न."

बघा, किती सभ्य बाई. माझ्या मनाला लागू नये म्हणून कारणही सांगितलं नाही. मी जास्तच खचलो.

मग शमुवेलभाऊंना आडून विचारलं. शमुवेलभाऊ आमच्या मंडळीचे चिटणीस, एसटीत चालक होते, निवृत्तीनंतर मंडळी चालवतात. गाडी आणि मंडळी दोन्ही सावकाश आणि डावीकडून. मी म्हणालो, पलीकडचे लोक जरा मधूनच उठतात, नाही का? ते म्हणाले, त्यांचं तसंच आहे, आधीच्या पास्टरांच्या वेळीही तसंच होतं. आणि सुपारी कातरायला लागले. मला घाम फुटला. आधीचे पास्टर वर्षभरात गेले होते, सांगितलं ना तुम्हाला? ते गुडघ्यांना इथली दमट हवा सोसेना म्हणून गेले, हे मला फार नंतर कळलं.

झालं. माझं चौकस डोकं कामाला लागलं. निष्कर्ष उघड होता, पलीकडच्यांना कारलं सोसत नाही. मग कारलं बंद. वर्षअखेरपर्यंत गूळच गूळ.

पुढचा रविवार खरं तर कारल्याचा, पण मी क्षमेवर बोललो. इतकं मृदू बोललो की अलीकडच्या दोघा-तिघांचे डोळे मिटले. मावशींनी खिडकीबाहेर बघितलं, हात जोडले आणि उठल्या. क्षमेवरचा संदेश अर्ध्यात टाकून, मला क्षमा न करता गेल्या. घरी येऊन मी शालिनीला विचारलं, संदेश कसा झाला? पलीकडच्यांचं मी काढलंच नाही, बायकोसमोर स्वतःहून कोण काढेल? ती म्हणाली, गूळ जरा जास्त झाला.

बरोबर, मी मनात म्हणालो. कोळ्यांची जात आहे, खारं-तिखट खाणारी. यांना गूळ नको, यांना कारलंच पाहिजे. मग त्याच्या पुढच्या रविवारी, गुळाचा असूनही, मी असं कारलं वाढलं की माझाच घसा बसला. आणि काय आश्चर्य, पलीकडचा एक माणूस हलला नाही. वर मावशी जाताना म्हणाल्या, बरं बोललात. मी हवेत. चला, कोडं सुटलं. त्याच्या पुढच्या रविवारी दुप्पट कारलं घेऊन उभा राहिलो, आणि मावशींनी खिडकीबाहेर बघितलं.

त्या खिडकीचं मला मोठं नवल वाटायचं. माझ्या पुलपिटावरून, म्हणजे संदेशाच्या चौथऱ्यावरून, त्या खिडकीत फक्त माडांचे शेंडे दिसतात. मला वाटायचं, शब्द बोचला की माणूस असाच बाहेर बघतो. काही दिवस मी त्यावरही चिंतन केलं. खिडकीपाशी जाऊन त्यांच्या बाकावर बसून बाहेर बघावं, हे मात्र सुचलं नाही. घड्याळ उघडणारा मीच ना?

आणि खाडी? खाडी तर रोज दिसत होती की, म्हणाल. दिसत होती. कधी घरून खाली नजर टाकली तर पाणी असायचं, कधी चिखल असायचा. हसू नका, पण मला वाटायचं वर कुठेतरी धरण असेल, आवर्तन सोडत असतील आणि बंद करत असतील. भरती-ओहोटी मी शाळेत शिकलो होतो, चंद्राच्या आकृतीसकट. पण ती समुद्राला असते, परीक्षेत येते. गावात शिरते आणि उपासनेत येते, हे आमच्या गुरुजींनी सांगितलं नव्हतं.

असे महिने गेले. आता मी शेवटचा डाव टाकला. आजवर संदेश शेवटी असायचा, तो अगदी सुरुवातीला घेतला. म्हटलं, ताजे असताना ऐकतील, उठायला निमित्त राहणार नाही. त्या रविवारी घंटा झाली, अलीकडचे आले, पलीकडचे बाक मोकळे. वाट बघितली. मग मोकळ्या बाकांना उद्देशून संदेश दिला. शेवटी मी 'आमेन' म्हणालो आणि त्याच क्षणी दारातून मावशी आत आल्या. मागून सगळे. अगदी वेळ साधल्यासारखे. बसले, गीताची पुस्तकं उघडली आणि असे गायले की कौलं हलली. त्यांच्या पायांना पोटरीपर्यंत चिखल लागलेला होता, तोही मी बघितला. त्यावरून माझ्या चौकस डोक्याने काढलं, की संदेश संपेपर्यंत ही माणसं खाली वाडीच्या शिंपणाच्या चिखलात उभी राहिली होती.

तुम्हाला विनोद वाटतोय. मला त्या दिवशी जेवण गेलं नाही. पावसाळा नाही, चिखल नाही अशा वाटेने येणारी माणसं माझे शब्द कानावर पडू नयेत म्हणून चिखलात उभी राहतात, यापेक्षा पाळकाचा अपमान तो काय? शालिनी बाहेर तोंडलीचा वेल बांधत होती. मला तिच्याकडे बघवेना.

उपासनेनंतर शमुवेलभाऊ येऊन सांगून गेले, पुढच्या रविवारी मंडळी बसेल, तुमचं ठरवून टाकू. सहज सांगितलं, दूध लवकर घ्या म्हणावं तसं.

तो आठवडा कसा गेला विचारू नका. त्यात नवीनच शंका डोक्यात शिरली, पलीकडे दुसरा कोणी प्रचारक आलाय की काय? उठून हे सगळे त्याच्याकडे जात असतील. तो कोण, कसा बोलतो, गूळ देतो की कारलं? भीती होती, पण खरं सांगू, भीतीपेक्षा उत्सुकता जास्त होती. मला तो माणूस बघायचाच होता.

रविवार उजाडला. संदेश पुन्हा शेवटी घेतला, आणि कोणाचीच तक्रार नको म्हणून गूळ आणि कारलं दोन्ही एकाच ताटात वाढलं. साहजिकच लांबला. पलीकडचे बसले होते. मी बोलत होतो, ते बसले होते. मला वाटलं जिंकलो. आणखी थोडा बोललो. तेवढ्यात मावशींनी खिडकीबाहेर बघितलं, शेजारणीला कोपराने खुणावलं आणि या वेळी हात जोडायलाही थांबल्या नाहीत. लगबगीने उठल्या, मागून सगळे.

माझा निर्णय व्हायचा दिवस आणि ठरवणारी अर्धी मंडळी दाराबाहेर. मी वाक्य अर्धवट सोडलं, शमुवेलभाऊंना म्हणालो आळवणीची प्रार्थना तुम्ही घ्या, जरा सविस्तर घ्या, आणि बाजूच्या दाराने पांढऱ्या झग्यासकट बाहेर पडलो.

वाडीतून धावत उतरलो. झगा कुंपणाला अडकला, सोडवला, त्यात वेळ गेला. धक्क्यावर पोचलो तर हसनचाचांची होडी पलीकडे लागत होती. मी हाका मारल्या, वारा उलटा. मधे बघितलं तर पाणी म्हणजे नुसती एक चकाकती पट्टी. बाकी ओली, गुळगुळीत, करडी जमीन, वर छोटे खेकडे पळतायत. मी म्हटलं, आवर्तन बंद झालेलं दिसतंय. एवढी रुंद खाडी आणि घोट्याभर पाणी. हिला काय होडी लागते? आमच्या नदीत याहून जास्त पाण्यातून मी शाळेत गेलो आहे.

झगा गुडघ्यापर्यंत उचलला, धक्क्याच्या पायऱ्या उतरलो आणि चालू पडलो. पहिलं पाऊल घोट्यापर्यंत गेलं. गार, मऊ, बरं वाटलं. पुढचं गुडघ्यापर्यंत. त्यापुढचं टाकायचं तर आधीचं परत मिळेना. जोर लावला तसा मांड्यांपर्यंत उतरलो. मग मी स्थिर उभा राहिलो. स्थिर म्हणजे काय, हळूहळू खाली चाललो होतो.

पलीकडून हसनचाचा ओरडले, "पास्टरसाब, खुदा के वास्ते हलू नका!"

मावशींचा आवाज त्यांच्यावर चढला. "आडवं पडा! पास्टर, आडवं पडा!"

आडवं? पांढऱ्या झग्यात? कारल्या-गुळाचा एवढा संदेश दिल्यावर अर्ध्या मंडळीसमोर चिखलात लोळण घेऊ? माझा मान मला तेवढ्यात आठवला. पण गाळाने कमरेला हात घातला तसा मान सोडला आणि पोटावर पडलो. हात पसरून. तोंड पलीकडे.

इकडे काय चाललं होतं? आळवणी संपवून मंडळी मला शोधत धक्क्यावर आली होती. शमुवेलभाऊंनी प्रार्थनेत माझं नाव घेतलं होतं म्हणे, त्याचा असा ताबडतोब उपयोग होईल असं त्यांनाही वाटलं नसेल. दोर पाहिजे होता. कोणाला तरी सुचलं, घंटेचा दोर लांब आहे. दोघेजण वर पळाले आणि सोडायला लागले. आता घंटेचा दोर सोडताना घंटा वाजणारच. अवेळी एवढी घंटा ऐकून गावातले हिंदू आले, मोहल्ल्यातले मुसलमान आले, वाडीत उतरलेले मुंबईचे पर्यटक आले. माझ्या कोणत्याही उपासनेला जमली नाही एवढी गर्दी धक्क्यावर जमली.

दोर यायच्या आधी मावशी आल्या. होडीतली फळी गाळावर टाकून, तिच्यावर गुडघा टेकून, सरकत सरकत. मागे आणखी दोन बायका तशाच. कालवांना जाताना त्यांची रोजची रीत आहे ही. मावशींनी एक फळी माझ्या छातीखाली सरकवली आणि मागून झग्याची कॉलर धरून ठेवली.

आमची तोंडं एवढी जवळ होती आणि माझा मान इतका खाली गेला होता, की आता आडून विचारण्यात अर्थ नव्हता. मी चिखलातच सरळ विचारलं, "मावशी, तुम्ही मधूनच उठून का जाता?"

मावशींनी फळी आणखी आत सरकवली. "पानी जातं म्हून."

"पाणी?"

"व्हय. पानी गेलं का होडी चिखलावर चालत न्हाय. मंग पानी परत येईस्तवर तुमच्याकडंच बसायचं. खिडकीतनं बघती, उरलं थोडं का उठती."

मी गाळात पडल्या पडल्या सगळा हिशोब केला. गूळ, कारलं, पुन्हा गूळ. एका रविवारी दुपारी भरती, दुसऱ्या रविवारी दुपारी ओहोटी. माझ्या संदेशाची पाळी आणि खाडीची पाळी एकमेकांच्या हातात हात घालून चालली होती, आणि मी त्यावर चिंतन करत होतो. त्या दिवशी उशिरा आले ते पाणी यायची वाट बघत, आणि तरीही होडी धक्क्याला लागेना म्हणून घट्ट जागा बघून उतरले, चिखल तुडवत आले, माझ्या उपासनेसाठी. मला एकदम भरून आलं. माझे डोळे वाहिले, पण चेहऱ्यावर एवढा गाळ होता की कोणाला कळलं नाही.

तरी स्वभाव जातो का? मी खात्री करून घ्यायला म्हणालो, "म्हणजे माझ्या संदेशाला कंटाळून नाही?"

मावशींनी कॉलर आणखी घट्ट धरली. "पास्टर, संदेशाला कंटाळून उठायचं असतं, तर पानी जायाची वाट कशाला बघितली असती?"

मागे बायका हसल्या. मी उत्तर द्यायच्या आत दोर आला, काखेतून बांधला, धक्क्यावरून सर्व धर्मांच्या लोकांनी मिळून ओढला आणि मी राखेतून काढलेल्या रताळ्यासारखा बाहेर आलो. उजव्या पायातली चप्पल आजही तिथेच आहे.

घरामागच्या विहिरीवर शालिनी माझ्यावर बादल्या ओतत होती. मी विचारलं, तुला माहीत होतं? ती म्हणाली, मी धक्क्यावर मासळी घ्यायला जाते, मला माहीत नसेल? मग सांगितलं का नाही? तर म्हणाली, तुम्ही विचारलंत कुठे, तुम्ही आपले संदेश कसा झाला एवढंच विचारायचात. आणि मला वाटलं एवढं तर माहीत असेल, शिकलेले आहात. आणि आणखी एक बादली ओतली, ती जरा जोरात.

तेवढ्यात शमुवेलभाऊ आले. मावशी आणि त्या दोघी आता अलीकडेच अडकल्या होत्या, पुन्हा गाळावरून सरकत जायचं बळ उरलं नव्हतं आणि पाणी परत येईपर्यंत होडी येणार नव्हती, तेव्हा मंडळी धक्क्यावरच बसली होती. पलीकडच्यांनी काठावरून हात वर करून मत दिलं होतं. मी साबणाच्या फेसातून विचारलं, काय ठरलं? भाऊंनी मावशींचं म्हणणं जसंच्या तसं सांगितलं. "आमी इतकी वर्सं उठून जातो, आजवर कंच्याबी पास्टरला वाटलं न्हाय का जावं मागं, बघावं का जातात. ह्यो मानूस मागं आला, चिखलात आला. ह्याला ठेवा. फकस्त एकट्याला खाडीवर सोडू नका."

मेंढपाळ हरवलेल्या मेंढरामागे जातो, हे मी कितीतरी वेळा सांगितलं होतं. मेंढरं व्यवस्थित घरी चालली होती आणि हरवलेला मेंढपाळ त्यांनी ओढून काढला, हे सांगायला मला तोंड नव्हतं. विहिरीपाशी ओल्या अंगाने बसलो आणि देवाचे आभार मानले. शालिनीने ताटलीभर तोंडली तोडून आणली आणि त्याच दिवशी भाजी केली.

आता आमची उपासनेची वेळ घड्याळावर नाही. शनिवारी शमुवेलभाऊ हसनचाचांना विचारून येतात आणि त्याप्रमाणे घंटा होते. ख्रिस्ती मंडळीच्या उपासनेची वेळ मुसलमान होडीवाला ठरवतो, आणि त्यात कोणालाच काही वावगं वाटत नाही. पलीकडचे आता वेळेवर येतात, आशीर्वादापर्यंत बसतात. चर्चमध्ये जे काही होतं ते माझ्या बोलण्यामुळे होतं, हा माझा समज त्या गाळात चपलेशेजारी राहिला. गूळ आणि कारलं मात्र चालू आहे.

सगळं उत्तम झालं असं म्हणालो असतो, पण त्या दिवशी अलीकडचेही एक गोष्ट शिकले. गावात राहणारे, ज्यांचा होडीशी संबंध नाही, खाडीशी संबंध नाही, असे लोक. आता संदेश जरा लांबला की मागच्या बाकावरून कोणीतरी खोकतं आणि हळूच म्हणतं, "पास्टर, पाणी चाललंय."

मी मनावर घेत नाही. पण परवाच्या रविवारी कारलं होतं, विषय सहनशीलता, आणि मी रंगात आलो होतो. तेवढ्यात पहिल्या बाकावरून आवाज आला, "अहो, पाणी चाललं."

शालिनी. मी पुलपिट सोडून मावशींच्या खिडकीपाशी गेलो आणि बघितलं. खाडी काठोकाठ भरली होती. आणि आमचं घर, मघाशी सांगितलंच तुम्हाला, चर्चला भिंत लावून आहे.